एक जानेवारीचा वाढदिवस

बाबा, तुम्ही कधी घोड्यांच्या शर्यतीला गेला नाहीत आणि जाणाऱ्यांना वाया गेलेले म्हणायचात. त्यामुळे तुमची मुलगी हॉस्पिटलच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर इंग्लंडात लेस्टरजवळच्या एका खेड्यात शर्यतीचे घोडे तयार करणाऱ्या ट्रेनरच्या ऑफिसात आठवड्यातून तीन सकाळी बसते, हे ऐकून तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. पण घोड्यांची एक गोष्ट तुम्हालाच सांगायला हवी. इथे घोडा मार्चमध्ये जन्मो की मेमध्ये, सगळ्यांचा वाढदिवस एकच, एक जानेवारी. त्या दिवशी सगळे घोडे कागदावर एकदम एक वर्षाने मोठे होतात. हे मला पहिल्यांदा समजावताना ट्रेनरला वाटलं, परदेशी बाईला नवल वाटेल. मी म्हटलं, आमच्याकडे हे माणसांचं करतात, फक्त तारीख एक जून असते.

मार्चमध्ये जन्मलेल्या मला तुम्ही कॉन्व्हेंटच्या फॉर्मवर आदल्या वर्षीच्या एक जूनला जन्माला घातलंत. आईला दिवस राहिले त्याच सुमारास, असा हिशोब निघतो. खोटं बोलले म्हणून माझ्या हातावर पट्टी मारणारे तुम्ही, आणि माझ्याबद्दल लिहिलेलं पहिलं वाक्यच खोटं. मुलगी हुशार आहे, वर्ष कशाला फुकट घालवायचं, एवढंच तुमचं म्हणणं.

तिसरीत मी फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत पोचत नाही. मोठा भागाकार फळ्याच्या मध्यापासून सुरू करते आणि खाली जागा संपते. मागच्या बाकावरच्या मुली मला 'बेबी' म्हणतात. सिस्टर रागावत नाहीत, हेच वाईट. त्या माझ्याकडे बराच वेळ बघतात आणि तुमच्या नावे चिठ्ठी देतात. मुलगी वयाने लहान असेल तर तसं कळवा, परीक्षेत सांभाळून घेता येईल, पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसवता येईल. मी ती चिठ्ठी स्वयंपाकघरात तुमच्या ताटाशेजारी ठेवली. आई चुलीपाशी होती. तुम्ही जेवण पूर्ण केलंत, हात धुतलेत, आणि त्या सुरेख इंग्रजी अक्षरात तारीख बरोबर असल्याचं उत्तर लिहिलंत. मी म्हटलं, पण बाबा, मी खरंच लहान आहे.

"कागदावर आहे तेच तुझं वय," तुम्ही म्हणालात.

पुढे हेच वय पासपोर्टवर चढलं आणि इथल्या हॉस्पिटलने मला खऱ्या साठाव्या वाढदिवसाच्या नऊ महिने आधी केक कापून घरी पाठवलं.

आता घोड्याचं. कुंपणांवरून उड्या मारायच्या शर्यतीत मोठ्या घोड्यांबरोबर लहान घोडा धावला, तर त्याच्या पाठीवर कमी वजन देतात. एरवी वजन भरायला खोगिराखालच्या कापडात शिशाच्या पट्ट्या घालतात, त्या लहान घोड्याला कमी घालतात, कारण त्याची हाडं अजून भरायची असतात. महिने जातात तशी ही सवलत कमी होत जाते आणि एक जानेवारीला तिचा मोठा तुकडा एकदम जातो. पहिल्यांदा हा तक्ता वाचला तेव्हा मला चक्क रडू आलं होतं. कुणीतरी बसून, महिन्यामहिन्याचा विचार करून, लहान असणं मान्य केलं होतं.

आमच्याकडे चार वर्षांचा एक लाल घोडा होता. मेअखेरचा जन्म. ढुंगण खांद्यापेक्षा उंच, म्हणजे अजून वाढत होता. मोठ्या कुंपणांवर जेमतेम चारदा उडवलेला. त्याला सांभाळणारी बाई तीस वर्षं घोड्यांत आहे. ती म्हणत होती, ह्याला एक उन्हाळा चरू द्या. ट्रेनरने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली शर्यत त्याच्यासाठी निवडली. जानेवारी उजाडला की तो पाच वर्षांचा, मग एवढी सवलत पुन्हा मिळायची नाही. सेल संपायच्या आत खरेदी उरकावी तसं ते होतं. ज्याच्यासाठी सवलत दिली, त्यालाच तिच्यापायी घाईने मोठ्यांत ढकलायचं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दहाच्या आत घोडा पळणार असं कॉम्प्युटरवर कळवावं लागतं. दहाला दहा कमी असताना मी हात मांडीवर ठेवून बसले. ट्रेनरला म्हटलं, हा तयार नाही, तुम्हालाही दिसतंय.

"वजन कमी आहे ना त्याच्यावर, मी डक," तो म्हणाला. म्हणजे 'माझ्या बदका', आमच्या भागात सगळ्यांनाच लाडाने अशी हाक मारतात.

"वजन कमी आहे, कुंपणं तेवढीच आहेत," मी म्हटलं. "पाठवायचा तर तुम्ही पाठवा."

तो हसला. मला ते यंत्र येत नाही, म्हणूनच तर तुला ठेवलंय, म्हणाला आणि खिडकीशी पाठमोरा उभा राहिला. मी काहीच केलं नसतं तर घोडा घरी राहिला असता, मी कायमची घरी गेले असते, बस्स. दहाला तीन कमी असताना मी बटण दाबलं. मला ती नोकरी हवी होती. तुम्हाला नावं ठेवायच्या आधी हे लिहायला हवं होतं, पण तेव्हा तुमच्यावरचा राग जास्त जवळ होता.

दुसऱ्या दिवशी मी कठड्याशी, त्या बाईच्या शेजारी उभी होते. चिखल होता. पहिली दोन कुंपणं त्याने फार वर उडून ओलांडली, घाबरलेलं जनावर उडतं तसा. ती बाई प्रत्येक कुंपणाला श्वास रोखायची आणि सोडायची, माझा दंड तिच्या मुठीत. शेवटून तिसऱ्या कुंपणाला तो चुकला. छाती आदळली, नाक गवताला लागलं, जॉकी मानेवर आला. ती किंचाळली. मग पाय कसेबसे त्याच्याखाली आले, तो उठला, आणि कमी वजनामुळे म्हणा, लहानपणाच्या वेडाने म्हणा, पुढच्या दोघांना गाठून जिंकला. संध्याकाळी त्याने सगळं खाणं संपवलं. पायाला सूज नाही, काही नाही.

सगळे खूश होते, मीही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तुम्हाला एक कडक पत्र लिहायला बसले होते. ते हेच. पण हे मी भावाला पाठवणार नाही, मुलीला दाखवणार नाही, आणि तुम्ही असतात तरी तुमच्या हातात दिलं नसतं. कारण त्या कुंपणाशी त्याचं नाक गवताला लागलं त्या क्षणी, बाबा, माझ्या मनात आधी 'देवा' आलं नाही. आधी आलं, 'मी सांगितलं होतं'. आणि तो सावरला तेव्हा, अगदी क्षणभर, मला वाईट वाटलं.