शाळेपुढे वाळत घातलेल्या घोंगड्याबाबत

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, जिल्हा बीदर

विषय : श्रीपतराव मास्तरांची सुटका करून गावच्या शाळेचे कुलूप काढण्याबाबत.
संदर्भ : ‘काळे निशाण’ जप्त केल्याचा पोलीस अमीनसाहेबांचा पंचनामा.

महोदय,

अर्जदार बाणूबाई, नवरा उमाजी धनगर, राहणार मौजे कोळीहाळ, हात जोडून कळविते की, गावची मराठी शाळा रीतसर परवान्याची असून गावकऱ्यांच्या मदतीवर चालते. अंकुशरावांनी घराचा एक खण दिला, इरप्पा पाणी भरतो आणि कमठाण्याचे श्रीपतराव मास्तर बिनपगारी शिकवून वाराने जेवतात. थंडीत मुले फरशीवर बसून खोकू लागली, तेव्हा अर्जदाराने यंदाची सगळी लोकर शाळेला दिली व वीस हातांची काळी घोंगडीपट्टी विणवून घेतली.

नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावून ते उभे ताणून वाळवावे लागते. अर्जदाराच्या अंगणात वीस हात मावत नाहीत, म्हणून तिने ते शाळेपुढे दोन बांबूंना ताणले व ती मेंढरांमागे रानात गेली. सध्या मुलखात सत्याग्रहाची धामधूम असता बांबूला काळे काही बांधू नये, हे तिच्या डोक्यात आले नाही. दौऱ्यावरील अमीनसाहेबांनी ते पाहिले, आणि शाळेला कुलूप व मास्तरांना कोठडी झाली. वीस हातांचे निशाण खांद्यावर घेऊन कोण मिरवील, याचा हुजुरांनीच विचार करावा. जप्त घोंगडे ओलेच घडी घालून ठेवले आहे, ते कुजेल. कचेरीपुढे ताणून वाळवावे, असे सुचविण्याची अर्जदाराची छाती नाही. जमिनीवर पसरले तरी चालेल.

आज अकरावा दिवस. मुले पुन्हा गुरांमागे गेली. अंकुशराव म्हणतात, तो खण पहिल्यापासून गोठाच होता. इरप्पा शाळेच्या वाटेनेही फिरकत नाही. अर्जदार कचेरीत निघाली तेव्हा तो म्हणाला, “अक्का, कामून पुढं व्हायलीस? तुजं नाव कुणी घेतलंय का?”

नाव कोणी घेतले नाही, हेच अर्जदाराला सोसवत नाही. “हे कुणी लावलं?” असे अमीनसाहेबांनी दरडावताच मास्तर “मीच लावलंय” म्हणाले, आणि त्या शब्दावरून अद्याप हललेले नाहीत. सबब अर्जदार लिहून देते की, लोकर तिची, खळ तिची, बांबूही तिनेच रोवले. हा मजकूर लिहिताना मुन्शींनी दोनदा लेखणी खाली ठेवली. अर्जदाराने ती दोनदा उचलून त्यांच्या हाती दिली.

तरी मास्तरांना सोडून अर्जदाराला आत घ्यावे. कोठडीत ती मास्तरांच्या जागी बसू शकते. शाळेत त्यांच्या जागी बसेल असा माणूस गावात नाही.

हुकूम होईतो कचेरीच्या ओट्यावरच बसलेली,
बाणूबाई उमाजी (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार : काशप्पा मुन्शी, अर्जनवीस
ता. ९ बहमन, सन १३४८ फसली (डिसेंबर १९३८)