लाटण्याला पाणी दाखवण्याबाबत

प्रिय साडूबंधू माधवरावांस, नांदेडहून सुदर्शनचा साष्टांग नमस्कार. (साडूला कोणी साष्टांग घालत नाही, हे मला कळतं. पुढे वाचा, म्हणजे कारण कळेल.) चंद्रप्रभाताईंचा गुडघा काय म्हणतो? उदगीरला थंडी पडलीच असेल. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त माझा कोणावर विश्वास उरलेला नाही.

देविकाच्या रुखवतात बापाच्या हातचं लाटणं असावं, म्हणून तुमचं पाहून मीही लेथ मशीन घेतलं. शिसवीचा तुकडा झकास कातला. तुम्ही फोनवर सांगितलंत तसं 'लाकडाला पाणीही दाखवलं', मग फिरत्या लाटण्यावर आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपर धरला. माशी बसली तर घसरावी, असं गुळगुळीत झालं. कौतुकाने उज्वलाच्या हाती दिलं. दुसऱ्या दिवशी हात फिरवतो तर काय, लाटण्याला दाढी! बारीक खुंट हाताला टोचत होते.

पहिला संशय शेजारच्या संगप्पावर. त्याच्याही घरी लग्न आहे आणि कुंपणावरून तो मशीनकडे जरा जास्तच पाहतो. दुसरा पेपर विकणाऱ्यावर, कारण तो फार गोड बोलतो. तिसरा खुद्द उज्वलावर. तिच्या माहेरी रुखवतात बाजारचंच लाटणं मांडतात (ती तुमचीही सासुरवाडी, तेव्हा हे वाक्य ताईंना वाचून दाखवू नका). पुन्हा घासलं आणि कपाटात कुलूप लावून ठेवलं. कुलपात असेतो गुळगुळीत, उज्वलाकडे गेलं की खुंट! आता चोर सापडला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिलो. तिने लाटणं नळाखाली धरलं, पदराला पुसलं आणि वळूनही न बघता म्हणाली, "काय डोकावून राहिलात? लई भुसा हाय त्याला. धुवायचं न्हाई का?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. माधवराव, तुम्ही 'पाणी दाखवा' म्हणालात आणि मी भरलेला तांब्या लाटण्यासमोर ठेवला होता, नैवेद्यासारखा. (माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात झाली. पाणी लोकांना नुसतं दाखवायचंच असतं, असा आमच्या खात्याचा समज.) बैलाला पाणी दाखवतात म्हणजे पाजतात, हे भोकरच्या शेतकऱ्याच्या पोराला कळू नये!

मग ओलं फडकं फिरवलं. दबून बसलेले तंतू उभे राहिले, पूर्ण वाळू दिलं, हलक्या हाताने बारीक पेपर मारला. तंतू उठायचे थांबेपर्यंत हेच केलं. वर जवसाचं तेल. आता खुशाल धुवा, दाढी येत नाही. तरी एक शंका आहेच : 'ओलं करा' असं सरळ का नाही सांगितलंत?

आपला,
सुदर्शन

ता. क. : पोळपाट अजून व्हायचाय. माझ्याकडून दोन चिरले. लग्नाच्या आठवडाभर आधी तुमची हत्यारं घेऊन या (साष्टांग त्यासाठीच होता). संगप्पाने विचारलं तर आहेर आणलाय म्हणा.

ता. ता. क. : आत्ताच देविका लाटण्यावरून हात फिरवून म्हणाली, "बाबा, हे मी रुखवतात मांडणार न्हाई." मला लगेच संशय आला. पण तिने ते उचललं आणि सासरी न्यायच्या बॅगेत, साड्यांच्या मधोमध ठेवलं. माझ्या डोळ्यांत भुसा गेला, असं मी उज्वलाला सांगितलंय. मशीन सकाळपासून बंद आहे, त्यामुळे आता तीच माझ्याकडे संशयाने बघते आहे.