करुणासाठी जागा

३ नोव्हेंबर

करुणा आज पुन्हा घरातून निघून गेली. बायको सुजाता कापूस वेचायले गेलती. माझी आई दारात राखण बसली होती, तिचा डोळा लागला. मी पोस्टात. कळंबची गाडी उशिरा आली. आमची डाकेची थैली त्याच गाडीनं येते. कंडक्टर उतरला तो एका हातात थैली आणि दुसऱ्या हातात करुणा.

"पोस्टमनभाऊ, ही तुमचीच ना? वळणावर रस्त्याच्या मधात बसून होती. डायवरनं करकचून ब्रेक मारला, तरी हालली नाई."

डायवर खाली आलाच नाही. स्टिअरिंग धरून समोर पाहत बसला होता. मी खिडकीखाली जाऊन त्याला हात जोडले.

नऊ वर्षांची झाली पोरगी. बोलत नाही. हाक ऐकून वळते कधी, कधी नाही. महिन्यात तीन-चार झटके. संध्याकाळी सु. आली, तिला सांगितलं. ती ओटीतल्या कापसातला कचरा काढत बसली.

६ नोव्हेंबर

दुपारी घरी जेवायला आलो तर सु.नं करुणाचा पाय जुन्या लुगड्यानं खाटेच्या पायाला बांधलेला. करुणा ओढून ओढून थकली होती. घोट्याला लाल वळ. मी सोडली. संध्याकाळी भांडण. सु. म्हणाली,

"बांधू नको मनता, मंग तुमी बसा घरी. मी टाकतो तुमची टपालं."

आई मधे बोलली, "माह्या डोळ्याले दिसत नाई, बाप्पा. मी काय करू." उद्या सु. पुन्हा बांधणार, मला माहीत आहे. मी दुपारी घरी जाणार नाही, हेही माहीत आहे.

८ नोव्हेंबर, बुधवार

यवतमाळले गेलतो, अपंगाच्या दाखल्यासाठी. बुधवारी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचा बोर्ड बसतो असं कळलं होतं. पहिली गाडी. गाडीतच करुणाला झटका आला. लोकांनी जागा करून दिली, एका म्हाताऱ्यानं नाकाशी चप्पल धरायला लावली. नको म्हणायची ताकद नव्हती.

तिथं ओळ मोठी. अडीच वाजता शिपाई आला. डोक्याचे डॉक्टर आज शेतकरी आत्महत्येच्या पथकासोबत खेड्यात गेले, हातापायाचे असतील त्यांनीच थांबा. पुढच्या बुधवारी या.

मी विचारलं, पुढच्या बुधवारी नक्की असतील? तो म्हणाला, "त्यायले तरी कुठं मालूम, भाऊ."

१५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर होते. तरुण माणूस, डोळे सुजलेले. करुणाकडे नीट पाहिलं, हे लिहून ठेवतो. झटक्याची गोळी बदलून दिली. दाखल्यासाठी मात्र बुद्धीची चाचणी लागते, ती करणारं माणूस इथं नाही. नागपूरला जा. नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत कधी येतं तेव्हा बघा.

तिथून कलेक्टर ऑफिसात. दाखला नसला तरी काही मदत, शाळा, कोणी सांभाळणारं, काही आहे का म्हणून. बाबूच्या टेबलावर फॉर्मचे गठ्ठे.

"सातबारा कोणाच्या नावानं हाय?"

म्हटलं, शेती नाही, मी गावचा पोस्टमन.

"घरी काई घडलं का? येवढ्यात?"

घडलं म्हणजे आत्महत्या, हे समजायला मला थोडा वेळ लागला. म्हटलं, नाही.

"मंग सध्या काई नाई, दादा. हे सारे शेतकरी कुटुंबाचेच फॉर्म हायेत."

वाईट माणूस नव्हता. करुणानं त्याचा पेनस्टँड पाडला, त्यानं स्वतः वाकून पेनं उचलली. निघताना एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. अशा मुलींची राहायची शाळा. पण लांब, जायलाच पुरा दिवस. म्हणाला, "जागा नसते. लिहून त पाहा."

१७ नोव्हेंबर

अर्ज लिहिला. बारा वर्षं गावाचे अर्ज लिहितो, कोणाचं पेन्शन, कोणाचं रेशन कार्ड. आपल्या पोरीबद्दल लिहिताना तीन कागद फाडले. "मुलीस काय येते" असा रकाना मीच पाडला आणि रिकामा राहिला. मग लिहिलं, पाण्याचा आवाज ओळखते. आईच्या अंगावर झोपते.

सु.ला सांगितलं नाही. जागा नसतेच, मग सांगून काय.

२० नोव्हेंबर

सु. भाकरी थापता थापता म्हणाली, "मी मेली त हिले कोण पाहीन?" मी म्हटलं, मी आहे ना. ती म्हणाली, "तुमी किती दिवस? मले जावं लागलं त मी तिले संगच घेऊन जाईन. इथं ठिवणार नाई."

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज अगदी रोजचा होता, मीठ संपलं सांगते तसा. आज पोस्टातून दोनदा काहीतरी निमित्त काढून घरी येऊन गेलो. ती वेचणीलाच होती. शेतापर्यंत सायकल नेली, कडेच्या धुऱ्यावरून पाहिलं आणि परत आलो.

२१ नोव्हेंबर

तांड्यावर शेवंताबाई राठोडचं रजिस्टर पत्र. ती नेहमी दारातच अंगठा देते, कोणाला आत घेत नाही. आतून एक आवाज येतो. इतकी वर्षं मी समजत होतो, बकरी असेल. आज तो आवाज ऐकला आणि तिथंच थांबलो. करुणा असाच आवाज काढते.

"आत कोण हाय, बाई?"

तिनं रजिस्टरचं पाकीट पदरात खोचलं. मग बाजूला सरकली. गोधडीवर मुलगी. वीस वर्षांची, धुरपता नाव. हातपाय काटक्या, मान उचलत नाही. आईला पाहून म्हणाली, "याडी." त्यांच्या बोलीत आई. तेवढाच एक शब्द येतो तिला.

"कोणाले सांगू नका, भाऊ. लहानीचं लग्न व्हायचं हाय."

मी म्हटलं, माझ्या घरीही एक आहे. शेवंताबाई तिथंच खाली बसली. किती वर्षांची, खाते का, झटके येतात का, सगळं विचारलं. माझं चार गावचं टपाल राहून गेलं.

२४ नोव्हेंबर

तीन दिवस दारोदार कान देऊन फिरतो आहे. आता विचारतो. माझ्याकडच्या चार गावांत अशी सात लेकरं निघाली. सात घरं, सगळी माझ्या ओळखीची. एका घरी बारा वर्षं पाणी पितो आहे, त्यांची मुलगी मागच्या खोलीत.

सातही घरी पोस्टकार्ड लिहिली. रविवारी एकत्र बसू, एकमेकांची लेकरं पाहू, काही ठरवता आलं तर ठरवू. जागा आमचं बुद्धविहार लिहिली. कार्डं माझ्याच हातानं नेऊन दिली.

नदीपलीकडच्या देशमुखांच्या सूनबाईनं कार्ड वाचून परत माझ्या हातात दिलं. हळू बोलली, "विहारात नाई येऊ देणार हो मले. शाळेत ठेवा ना." आतून सासूचा आवाज आला तशी ती गेली. राग आला. नंतर मास्तरांना विचारून शाळेचा वऱ्हांडा मागितला. सात कार्डं पुन्हा लिहिली.

२६ नोव्हेंबर, रविवार

आमच्यासह तीनच घरं जमली. शेवंताबाई धुरपताला बैलगाडीत घालून. देशमुखांची सूनबाई, तिची पाच वर्षांची मुलगी ताई पदराखाली. आणि आम्ही. सु. आधी यायलाच तयार नव्हती. "तमाशा कायले?" म्हणाली. आल्यावर खांबाजवळ बसली.

शेवंताबाईनं ताईला कसं भरवायचं ते दाखवलं. मान किती वर धरायची, घास जिभेच्या कडेला ठेवायचा. सूनबाई रडू लागली. आजवर पोरगी दर घासाला ठसकत होती म्हणे. मग सु. उठून जवळ गेली. झटका आला की कुशीवर कसं करायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, हे डॉक्टरनं सांगितलेलं तिनं त्यांना सांगितलं. तिचा इतका आवाज मी खूप दिवसांत ऐकला नव्हता.

ठरलं ते असं: आठवड्यात एक-एक दिवस एकीनं घरी राहायचं, तिघी पोरी तिच्याकडे. बाकीच्या दोघी कामाला मोकळ्या. मंगळवार सु.चा.

२९ नोव्हेंबर

काल सु.नं तिघींना सांभाळलं. जमलं. आज शेवंताबाईकडे पाठवायचं होतं, पण ठेकेदारानं तांड्याच्या सगळ्या बाया तीन आठवड्यांसाठी बाहेरच्या तालुक्यात वेचणीला नेल्या. ती धुरपताला गाडीत घेऊन गेली. जाताना पोस्टात निरोप ठेवला, "भाऊ, रागावू नका." रागावणार कोणावर.

४ डिसेंबर

आज सूनबाईची पाळी. करुणा तिच्याकडे. दुपारी करुणाला मोठा झटका आला, थांबेचना. सूनबाईनं सगळं बरोबर केलं, कुशीवर घेतलं, डोकं धरून बसली. पण सासू घाबरली, शेजारी गोळा झाले. सु. शेतातून पळत गेली तेव्हा सासूनं करुणाला बाहेर ओसरीत आणून ठेवलं होतं.

"आमच्या घरी मेली असती त?"

सूनबाई दारामागे उभी होती. पोरीचं पांघरूण तिनं सु.च्या हातात दिलं, घडी करून. उद्यापासून ताई येणार नाही.

आज सु.नं लुगडं पुन्हा काढलं. या वेळी मी अडवलं नाही.

८ डिसेंबर

थैलीत माझ्या नावाचं पाकीट. शाळेचा शिक्का. एक जागा रिकामी झाली आहे. मुलीला पंधरा तारखेपर्यंत घेऊन यावे, न आल्यास पुढील नावास देण्यात येईल. पालकांना तीन महिन्यांतून एकदा भेटता येईल.

बारा वर्षांत कोणाचं पत्र मी एक दिवसही ठेवून घेतलं नाही. हे दिवसभर खिशात घेऊन फिरलो. घरी गेलो तर करुणा सु.च्या मांडीवर झोपलेली, आणि सु. बसल्या बसल्या पेंगत होती. पत्र खिशातच राहिलं.

९ डिसेंबर

सकाळी सु.ला सगळं सांगितलं. अर्ज केव्हा केला तेही. वाटलं, चिडेल. तिनं पत्र दोनदा वाचायला लावलं.

मग विचारलं, "झटका आला त तिथं तिचं डोकं कोण धरन?"

पत्रात तसं काही नव्हतं. मी उलटून पाहिलं, मागेही काही नव्हतं. आई म्हणाली, "धाडा, पोरीचं भलं होईन." सु. तिच्याकडे न पाहता मला म्हणाली, "तुमी सांगा, मी काय करू." जागा देणाऱ्याला आधी प्रश्न विचारायचे, हेही बरं दिसत नाही. पण तिला कोणाच्या हाती देतो आहे, ते कळल्याशिवाय कसं द्यायचं.

शाळेचा फोन नंबर छापलेला आहे. कळंबला जाऊन एसटीडीवरून तीनदा लावला. नुसती घंटी वाजते.

दुपारी पत्र लिहिलं. झटके किती, कसे, केव्हा. तुमच्याकडे त्या वेळी जवळ कोण असते, कृपया कळवावे. सु.नं शेवटी एक ओळ घालायला लावली, तिला उजव्या कुशीवर करावे लागते, डाव्या नाही.

पत्रावर शिक्का मारून मीच थैलीत टाकलं आणि गाडीला दिली. जायला चार दिवस लागतात. उत्तर यायला चार. पंधरा तारखेला सहाच दिवस आहेत.