कप वरच्या फळीवर

डर्क,

दहा वाजता गॅसचं मीटर काढायला माणूस येईल. त्याला कॉफी दे, बिस्किट दे, पण परत पाठवू नकोस. नव्या गॅस बॉयलरचं आपलं घोडं पुन्हा दामटू नकोस. विजेवर घर तापवणाऱ्या हीट पंपाच्या कागदांवर मी सोमवारीच सही केलीय.

तो पंप घुमतो, घर सावकाश तापवतो, सगळं मान्य. थंडी वाजली तर माझा जाड स्वेटर घाल. तू तीस वर्षं गॅसच्या विहिरींवर राबलास, त्यावर आपली पोरं मोठी झाली, हे मी विसरलेली नाही. पण तोच गॅस उपसून उपसून जमीन हादरायला लागली आणि आपल्या ग्रोनिंगेनच्या घराला तडे गेले. त्या घराची किल्ली पाडकामवाल्यांना द्यायला मी एकटीच निघालेय. तुला ते बघवलं नसतं, म्हणून उठवलं नाही.

आणि काल या नव्या घरातही तू कप टॉवेलात गुंडाळून खालच्या कपाटात ठेवलेस. इथली जमीन हलत नाही रे. मी ते वरच्या फळीवर मांडलेत, अगदी कडेला. तिथेच राहू देत.

फ्राउके