कांद्याशेजारी ठेवलेले कंद

मंगळवार, १४ ऑक्टोबर, संध्याकाळ

कुंड्यांची माती बदलायची म्हणून गुलाबी लिलीचे कंद काढून गॅलरीत वर्तमानपत्रावर सुकत घातले होते. शेजारीच कांद्यांची टोपली! कुठे अक्कल गेली होती माझी? ऑफिसातून आले तर वीसपैकी नऊ कंद गायब, केराच्या डब्यात तपकिरी टरफलं आणि सासूबाई आपलं ताट वाढून उरलेलं पिठलं ढवळतायत. तो कंद विषारी असतो. आणि आईंना हल्ली सकाळचं संध्याकाळी आठवत नाही.

"आई, कांदा कुठला घेतलात?"

"टोपलीतला. का गं?"

मी टरफलांचा वास घेतला. काही कळेना. मग त्यांनी स्वतःसाठी वाढून ठेवलेल्या ताटाचा घेतला, त्यांच्यादेखत.

त्यांनी गॅस बंद केला आणि मला गॅलरीत नेलं. नऊही कंद कोपऱ्यातल्या कुंडीत नीट लावलेले, वरची वाळकी टरफलं काढून.

"ओझरच्या क्वार्टरमध्ये नवी नवरी होते, तेव्हा हेच कंद कांदे समजून चिरायला बसले होते मी. शेजारच्या बाईंनी विळीवरून उठवलं मला. मग त्यातलेच दोन लावायला दिले. ते विसरेन होय मी?"

म्हणजे आपल्याकडची सगळी लिली त्या दोन कंदांची. इतकी वर्षं पाणी घालतेय, कधी विचारलंसुद्धा नाही.

सॉरी म्हणाले. "असू दे," म्हणाल्या. पण जेवल्या नाहीत. ताट तसंच झाकून ठेवलंय ओट्यावर. मी वास घेतलेलं ताट.