फ्यूजवरचा चांदीचा कागद

आय,

तुझी गाडी काल चालू झाली. हे तुला सांगावंसं वाटलं आणि मग लक्षात आलं, तुला जाऊन आता पंचवीस वर्षं होत आली. म्हणून लिहायला बसले. घरात आपण आपल्या बोलीत बोलायचो, पण ती बोली मी कधी लिहिली नाही, त्यामुळे तुझं बोलणंसुद्धा इथे शाळेच्या मराठीत लिहिते आहे. तुला हसू येईल. आरोग्य उपकेंद्रात साहेब लोकांसमोर तू स्वतः तसंच बोलायचीस, आणि घरी आल्यावर उंबऱ्यात चपला काढता काढता पुन्हा आपल्या बोलीवर यायचीस.

ही मोटारसायकल खरं तर पप्पांची. ते दहा महिने जहाजावर आणि दोन महिने घरी. बाकीचा वेळ ती पडवीत गोणपाटाखाली उभी असायची. तू मात्र लसींचा डबा खांद्याला लावून पाड्यापाड्यांतून पायी फिरायचीस. एका सुट्टीत पप्पांनी तुला किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत गाडी शिकवली. साडीच्या आत त्यांची जुनी पँट घालून तू पहिल्यांदा एकटी उमेळ्याच्या रस्त्यावरून गेलीस, तेव्हा लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले होते. चार दिवस हसले. मग बाळंतपणाची घरं त्या गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसायला लागली.

पावसाळ्यात ती हमखास रुसायची. रात्रभर पाऊस पडून गेला की सकाळी किक मारून मारून तुझा पाय भरून यायचा, पण तू चिडलेली मला आठवत नाहीस. तू आधी गाडीभोवती एक फेरी मारायचीस, पेशंटच्या खाटेभोवती मारावी तशी. "काल कुठे उभी होती? पाणी कुठून आलं असेल?" हे तू मलाच विचारायचीस. मग हॉर्न दाबायचा, दिवा लावून बघायचा. ते दोन्ही ठणठणीत असले तर बॅटरी बरी आहे, पुढे जायचं. प्लग काढायचा, त्याच्या टोपीत अडकवून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी बघायची. निळी आली तर वीज पोचते आहे. पिवळी, मरतुकडी आली तर वाटेत कुठेतरी ओल आहे. ठिणगी नीट दिसावी म्हणून मी छत्रीची सावली धरून उभी असते, तू वाकून बघतेस आणि म्हणतेस, "बघ, बघ, आली!" नंतर तो प्लग आपल्या स्वयंपाकघरात येतो. तू भाकरीच्या तव्याच्या कडेला तो सुकत ठेवतेस आणि बाजूला भाकरी फुगते. आजी रागावते, "अन्नाच्या तव्यावर तेलकट लोखंड!" तू हसून म्हणतेस, "आई, यावरच आपली भाकरी आहे."

एका गोष्टीत मात्र तू कडक होतीस. सीटखाली काचेच्या नळीतला फ्यूज असायचा. तो उडाला तर त्याच्या जागी तार किंवा कागद लावायचा नाही, असं तू मला दोनदा बजावलं होतंस. "फ्यूज उडाला म्हणजे आत काहीतरी दुखतंय. ते शोधायचं. तोंड दाबायचं नाही."

मी सोळा वर्षांची होते. जुलैतला रविवार होता. तू आणि आजी चर्चमध्ये मिस्साला गेला होतात, मी तापाचं निमित्त सांगून घरी राहिले होते. तू परत यायच्या आत गाडी चालू करून दाखवायची असं मी मनात ठरवलं. सगळं तुझ्यासारखं केलं. फेरी मारली. हॉर्न दाबला, तो वाजला नाही. दिवाही लागला नाही. सीट काढून बघितलं तर फ्यूजची तार जळालेली, काच काळी पडलेली. घरात दुसरा नव्हता आणि दुकानं बंद होती. पप्पांनी आणलेल्या चॉकलेटचा चांदीचा कागद माझ्या वहीत जपून ठेवलेला होता. तो मी फ्यूजला गुंडाळला. दुसऱ्याच किकला गाडी चालू झाली, आय, आणि मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

तू फाटकातून आत आलीस, आवाज ऐकून तिथेच थांबलीस. "काय झालं होतं हिला?"

"प्लग ओला होता," मी म्हटलं.

तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि आजीला म्हणालीस, "आपल्या घरात आता दोन नर्सबाया झाल्या."

मंगळवारी पहाटे मिठागराच्या बाजूने एक माणूस सायकलवर आला. त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. गाडी लगेच चालू झाली. जाताना तू मला हात केलास, कौतुकाने. पुढचं तू आजीला सांगत होतीस, तेव्हा मला तुझ्याच तोंडून कळलं. बांधावरून जाताना टाकीखालून धूर यायला लागला, रबर जळाल्याचा वास आला. तू उतरून बॅटरीची वायर ओढून काढलीस, गाडी बांधाला टेकवलीस आणि भर पावसात चालत निघालीस. पोचलीस तेव्हा बाळ जन्मलं होतं, आणि बाईचं रक्त थांबत नव्हतं. तू तासभर तिचं पोट चोळत राहिलीस. मग कुणाच्या तरी टेम्पोत घालून तिला रुग्णालयात नेलं. ती वाचली. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." एवढं बोलून तू पाण्याचा तांब्या तोंडाला लावलास. मी दाराआड उभी होते.

दुसऱ्या दिवशी दोघा जणांनी गाडी ढकलत आणली. तू पडवीत बसून सीट काढलीस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तू फ्यूजच्या जागेकडे बराच वेळ बघत राहिलीस. मग काहीतरी चिमटीत धरून पदराच्या टोकाला बांधलंस. आत आलीस, साबणाने कोपरापर्यंत हात धुतलेस, पेज वाढून घेतलीस. दोन घास खाल्लेस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "रविवारी प्लगच ओला होता ना?"

"हो," मी म्हटलं.

"बरं."

तू मला मारलं असतंस तर बरं झालं असतं. आठवड्याने माझ्या कंपास पेटीत औषधाची एक छोटी बाटली निघाली. आत कापसाच्या बोळ्यात नवे फ्यूज ठेवले होते. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. तुला सगळं कळलं आहे हे मला त्या वेळी कळलं, आणि मला कळलंय हे तुलाही कळलं असणार. तरी मी तुला कधी सांगितलं नाही. पुढे मला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, हे आपल्याच घरी राहायला आले, तू आजारी पडलीस. शेवटच्या महिन्यात तुझ्या उशाशी बसून मी तुझे पाय चेपत होते, तेव्हा दोन-तीनदा शब्द अगदी ओठांवर आले होते. तू डोळे मिटून पडली होतीस. मी म्हटलं, आता कशाला तिला त्रास. खरं म्हणजे त्रास मला झाला असता. तर आज सांगते. तो कागद मी लावला होता, आय. ती बाई माझ्यामुळे मेली असती. तू विचारलंस तेव्हाही मी खोटं बोलले. माझं चुकलं.

या पावसात तीन दिवस आपल्या गल्लीत पाणी होतं. समोरच्या वाडीत आता सात मजली इमारत झाली आहे, पाण्याला जायला वाटच उरलेली नाही. पडवीत गाडीच्या इंजिनाला पाणी लागलं. एरवी मी तिच्यावरूनच शाळेत जाते. पाणी ओसरल्यावर मनवेलपाड्यातला मेकॅनिक येऊन बघून गेला. "मॅडम, सगळं वायरिंग काढायला लागेल. त्यापेक्षा भंगारात द्या, पार्ट पण भेटत नाय हिचे." आमचे हे म्हणाले, "खूप झालं तिचं. आता सोड." मी त्यांच्याकडे एक रविवार मागून घेतला.

आधी फेरी मारली. हॉर्न दाबला तर घसा बसल्यासारखा आवाज आला, आणि हॉर्न दाबला की दिवा मंद व्हायचा. बॅटरी तर आदल्या दिवशीच चार्ज करून आणली होती. प्लग काढून ठिणगी बघितली, पिवळी. प्लग गॅसवर सुकवला, तव्यावर नाही, सुनेसमोर धीर झाला नाही. टोपी पुसली, पुन्हा पिवळीच. मग आयुष्यात पहिल्यांदा मी टाकी उतरवली. खाली तू केलेला जोड होता. जळालेली वायर कापून तू नवा तुकडा घातला होतास, वर काळी पट्टी, आणि तिच्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी, जखमेवर मारतात तशी तिरकी, घट्ट. चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण आतला जोड कोरडा होता. मी त्यावर अंगठा ठेवून थोडा वेळ बसले. तिथे काही दुखत नव्हतं. दुखणं पुढे होतं, बॅटरीची अर्थिंगची वायर जिथे सांगाड्याला बोल्टने बसवतात तिथे. बोल्टखाली गंज आणि हिरवट कळंक साचला होता. वीज जायची, पण तिला परत यायला धड वाट नव्हती. पॉलिश पेपरने मी ती जागा घासून चकचकीत केली, बोल्ट आवळला. ठिणगी निळी आली. "आली, आली!" मी मोठ्याने ओरडले. चौथ्या किकला गाडी चालू झाली, आणि हे चहाचा कप घेऊन पडवीत आले.

समोरच्या इमारतीतल्या, बँकेत काम करणाऱ्या बाई सकाळपासून गॅलरीतून बघत होत्या. त्या मुद्दाम खाली आल्या. "कमाल आहे हो टीचर तुमची! कुणी शिकवलं हे?"

तुझं नाव सांगायला तोंड उघडलं आणि रडू येईलसं वाटलं. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

"मोबाइलवर बघून शिकले," मी म्हटलं.