एक रेघ, दोन रेघा

४ मे, बोरगाव मेघे

आले एकदाची! दोन बॅगा, गादीची वळकटी आणि अमरावतीहून ताईने जबरदस्तीने लादलेली लोणच्याची बरणी, एवढा संसार घेऊन वर्ध्याला एसटीतून उतरले तेव्हा पारा पंचेचाळीसवर होता. पण खोली पाहून जीव थंड झाला. खिडकीबाहेर कडुनिंब, भिंतीत कपाट, टेबलाला भरपूर जागा. घरमालकीण सुलोचनामावशी निवृत्त अंगणवाडी सेविका. घरात एकट्याच. मुलगा धम्मदीप बाहेर असतो म्हणाल्या. आल्याआल्या ताक हातात दिलं आणि सांगितलं, वायफाय बी हाये, भाड्यातच.

मला तेच हवं होतं. वॉशिंग मशीनच्या एका कंपनीसाठी गिऱ्हाइकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं द्यायची, दहा ते सहा, घरबसल्या. मे अखेरपर्यंत मला पारखून बघणार. नोकरी पक्की झाली की मेघाला इथे आणायचं, जूनमध्ये शाळेत घालायचं. घटस्फोटापासून पोर ताईकडेच आहे. सात वर्षांची आहे. परवा माझ्यासमोरच ताईला चुकून आई म्हणाली आणि जीभ चावली. मी बॅग भरत राहिले.

६ मे

माझ्या लॅपटॉपने उन्हात राम म्हटला. बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली. मी रडायचीच बाकी होते. मावशींनी उशीच्या अभ्र्यातून धम्मदीपचा लॅपटॉप काढून दिला. पडूनच हाये, वापर म्हणाल्या. तो चिडणार नाही ना, असं विचारलं तर नुसत्या हसल्या. लॅपटॉप झकास चालतो.

९ मे

झकास म्हटलं आणि दृष्ट लागली. दिवसातून दोनदा, कधी तीनदा नेट जातं. समोरचं गिऱ्हाईक पाणी गळतंय म्हणून ओरडत असतं आणि मी गायब. दिवसात तीनदा गायब झालं की गैरहजेरी, तीन गैरहजेऱ्या झाल्या की नारळ. पहिली आज लागली.

राउटर शोधला. मावशींनी तो शोकेसमध्ये स्टीलच्या डब्यांमागे ठेवलाय, वर क्रोशाचा रुमाल घालून. शिवाय मिक्सर लावायचा झाला की राउटरचीच पिन काढतात. धन्य ती माउली. राउटर बाहेर काढला, मिक्सरसाठी दुसरं सॉकेट दाखवलं. आता जमेल.

१२ मे

जमलं नाही. राउटर दहादा बंद-चालू केला. लॅपटॉपही. वीज वाचवण्यासाठी वायफाय आपोआप बंद होऊ देण्याची एक खूण सेटिंगमध्ये असते, ती काढली. कूलरच्या मोटरचा त्रास असेल म्हणून कूलर बंद करून चार तास घामात बसले. माझ्या फोनचं नेट या खोलीत नुसतं गरगरतं, त्यामुळे तोही मार्ग नाही. दुसरी गैरहजेरी.

संध्याकाळी कारण सापडलं. नेट जात नाही, लॅपटॉपच राउटर सोडून दुसरीकडे उडी मारतो. यादीत एक नाव आहे, मराठीतच लिहिलेलं: धम्मदीप. कोणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट. अगदी लांब असल्यासारखा, नुसता ठिपका, वर एकही रेघ नाही. ते नाव यादीतून काढून टाकलं. मावशींना सांगितलं तर त्या कणीक मळता मळता थांबल्या आणि विचारलं, किती रेघा हायेत?

१४ मे

नाव परत आलंय. आज एक रेघ.

नेटवाला मुकेश आला होता. तार बदलली, राउटर तपासला. म्हणाला, मॅडम, राउटर चांगला हाये, तुमचा लॅपटॉपच दुसऱ्याले धरून राह्यला. मी नाव दाखवलं. त्याने पिशवी आवरली आणि फाटकापाशी जाऊन हळूच सांगितलं. धम्मदीप दोन वर्षांपूर्वी गेला. पुलगावहून मोटरसायकलवर येत होता, ट्रकखाली आला. फोन सापडलाच नाही. मुकेशने माझ्याकडून सहीसुद्धा घेतली नाही.

१५ मे

मावशींना विचारलं. त्या अजिबात दचकल्या नाहीत. तो पुलगावला कामाला होता. फोनचा हॉटस्पॉट कायम चालू ठेवायचा. संध्याकाळी गाडी गल्लीत वळली की इथे टेबलावरचा लॅपटॉप तो फोन धरायचा आणि टिंग वाजायचा, की मावशी चहा ठेवायच्या. तो दारात आणि चहा कपात. तो गेल्यावर मावशींना लॅपटॉप चालू करता येईना, आणि कोणाला सांगायची लाज वाटली.

मी भीतभीत म्हटलं, मावशी, हे काही चांगलं नाही. त्या म्हणाल्या, आमच्यात भूतबीत मानत नाई. भूत कायचं, माहा पोरगा हाये, घरी येऊन राह्यला.

लॅपटॉप परत देणार होते. पण दुसरा कुठून आणू? आणि तिसरी गैरहजेरी लागली तर मेघा?

१८ मे

लिहायला लाज वाटते. आज लॅपटॉपला त्या नेटवरच राहू दिलं. आठ तासांत एकदाही गेलं नाही. चौसष्ट तक्रारी निकालात काढल्या, वरून शाबासकी आली. किती दिवसांनी पाठ टेकली.

दोन रेघा.

२१ मे

रोज तेच नेट. भीती वाटते, पण भीतीपेक्षा थकवा मोठा आहे. जेवायला उठले तेवढ्यात चार उत्तरं माझ्या नावाने गेलेली. नीट, सभ्य, माझ्यापेक्षा चांगली. मी लिहिलेली नाहीत. बहुतेक नाहीत. आठवत नाही.

मावशी तासातासाला विचारतात, किती रेघा. मी सांगते.

२३ मे

तीन रेघा. पूर्ण.

सहा वाजता फाटक वाजलं. अंगणात कोणी नव्हतं. मावशींनी आपल्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

२५ मे

दार अजून बंद. आतून बोलण्याचा आवाज येतो. मावशींचा. मग मधे गप्प. मग मावशींचं हसू. आज दुसऱ्या कोणाचं तरी खोकणं. दाराबाहेर धुतलेली दोन ताटं.

मला इथे राहायचं नाही. पण सहा दिवस. फक्त सहा.

२७ मे

नोकरी पक्की! चार दिवस आधीच पत्र आलं. मला आनंद झाला, खरंच झाला, पण हसायलाही अंगात त्राण नाही. ताईला फोन केला. परवा भाऊजी मेघाला गाडीने आणतायत. इथे नको, दुसरी खोली बघते, चार दिवस थांबा म्हणणार होते. पण मेघा फोनवर इतकी ओरडली, आई, मी येते! मला "आई" म्हणाली. थांब म्हणवलं नाही.

२८ मे

आज लॅपटॉप बंद केला, अभ्र्यात गुंडाळला, मावशींच्या दारापाशी नेला. नवा आणीन, हप्त्याने आणीन. मावशी आतूनच म्हणाल्या, काऊन बंद केलं? तुही पोरगी बी येईन. चालू ठेवजो.

मी म्हटलं, ती गाडीने येतेय, मावशी. तिला याची गरज नाही.

लॅपटॉप तिथेच ठेवून आले.

२९ मे

सकाळी आठ. भाऊजी आणि मेघा अमरावतीहून निघाले. मेघाला पुढेच बसायचं होतं म्हणून रडली, शेवटी बसवलं म्हणे.

दहा वीस. पुलगाव मागे पडलं. भाऊजींचा मेसेज.

अकरा. लॅपटॉप माझ्या टेबलावर आहे. मी आणला नाही. चालू आहे. टिंग वाजला म्हणून वळले—

यादीत तीन नावं. राउटर. धम्मदीप. त्याखाली मेघा.

नुसता ठिपका.

मेघाकडे फोन नाही. सात वर्षांच्या पोरीकडे कसला फोन—

भाऊजींना लावतेय. लागत नाही. परत. लागत नाही.

अकरा वीस. ताईचा फोन येतोय. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. घेणार नाही. घेतला की ती सांगेल. सांगितलं की ते खरं—

एक रेघ.

मावशींचं दार उघडलंय. त्या विचारतायत, किती.

दोन.

बंद करायच्या बटणावर बोट आहे माझं. दाबायचं फक्त. दाबवत नाही. बंद केलं तर ती कुठे जाईल, एवढ्या उन्हात, एकटी, तिला रस्तासुद्धा माहीत ना—